डायबिटीस नसताना मेटफॉर्मिन: स्टेरॉइडवर असलेल्या एका शिक्षिकेचं प्रकरण

"मला डायबिटीस नाही ना डॉक्टर, मग ही शुगरची गोळी कशाला?" मेटफॉर्मिनबद्दल हा प्रश्न बाईंनी विचारला आणि तो अगदी रास्त होता, हे सगळं प्रकरण त्या एका प्रश्नाभोवतीच फिरतं म्हणून तिथूनच सुरुवात करतो. बाईंची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. मी गोव्यात फोंड्याकडे फॅमिली फिजिशियन आहे, त्वचेचा आजार बघणारे डॉक्टर वेगळे, मी फक्त बाकीचं शरीर सांभाळायला होतो.

बाई बावन्न वर्षांच्या, सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवतात, वजन 58 किलो. साधारण डिसेंबरपासून तोंडात फोड येऊन फुटायचे, जखमा राहायच्या. घरातल्यांनी उष्णता म्हणून कोकमाचं सरबत, जिऱ्याचं पाणी, मग बी कॉम्प्लेक्स, मग तोंडात लावायची जेल, सगळं झालं. हुमण (माशाची आमटी) तोंडाला लावता येईना, नुसत्या पेजेवर दिवस काढत होत्या. शेवटी एका दातांच्या डॉक्टरने बघितलं आणि म्हणाले हे साधं तोंड येणं नाही, बायोप्सी करा. बायोप्सी आणि इम्युनोफ्लुरोसेन्स दोन्हीत पेम्फिगस व्हल्गॅरिस निघालं. यात आपलीच इम्युन सिस्टिम त्वचेच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या डेस्मोग्लिन नावाच्या प्रोटीनवर हल्ला करते, त्यामुळे पेशी सुटतात आणि फोड येतो, बऱ्याच जणांत सुरुवात तोंडातच होते. तोपर्यंत पाठीवर आणि छातीवरही फोड आले होते.

स्टेरॉइड यायच्या आधी, म्हणजे 1950 च्या आधी, हा आजार बहुतेक वेळा जीवघेणा ठरायचा. त्यामुळे स्टेरॉइडला घाबरून "नको ती गोळी" म्हणणाऱ्यांना मी आधी हेच सांगतो. बाईंना सकाळी नाश्त्यानंतर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड 40 मिलिग्रॅम सुरू झालं, आणि पुढे रिटुक्सिमॅब (इम्युन सिस्टिमच्या हल्ला करणाऱ्या पेशी कमी करणारं, शिरेतून द्यायचं औषध) द्यायचं ठरलं म्हणजे स्टेरॉइड लवकर कमी करता येईल. सुरू करायच्या आधी हिपॅटायटिस बी, टीबीची तपासणी, डोळे, कॅल्शियम आणि डी३, हाडांची गोळी, न्यूमोनियाची लस, हे सगळं त्वचेच्या डॉक्टरांनी नीट बघितलं होतं, त्यावर मी जास्त लिहीत नाही.

माझ्या डोळ्यासमोर होती शुगर. उपाशीपोटी 97, एचबीए१सी (मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट) 5.9, म्हणजे डायबिटीस नाही पण प्रीडायबिटीसच्या पट्ट्यात. आईला डायबिटीस होता, आणि धाकट्या मुलीच्या वेळी गरोदरपणात शुगर वाढली होती, ही गोष्ट बाईंनी सांगितलीच नव्हती, मुद्दाम विचारल्यावर आठवली. त्यात आपला गोवा. 2023 मध्ये छापून आलेल्या आयसीएमआर-इंडिआबच्या देशभरच्या पाहणीत डायबिटीसचं प्रमाण गोव्यात सगळ्यात जास्त निघालं, 26.4 टक्के, देशाचा आकडा 11.4. म्हणजे इथे कुणालाही महिनोन्‌महिने स्टेरॉइड देताना "यांना डायबिटीस नाही" एवढं लिहून पुढे जाणं मला पटत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं जे लोकांना माहीत नसतं ते. सकाळी आठला घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा शुगरवरचा जोर दुपारी आणि संध्याकाळी असतो, रात्री तो ओसरतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी तपासलं की रिपोर्ट छान येतो आणि सगळे निश्चिंत होतात. बाईंच्या बाबतीत अगदी हेच. स्टेरॉइड सुरू होऊन चार दिवस झाले तेव्हा उपाशीपोटी 95, म्हणजे आधीपेक्षाही दोनने कमी! आणि त्याच दिवशी दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी 191, संध्याकाळी सहाला 176. नुसती सकाळची टेस्ट केली असती तर फाईलमध्ये "नॉर्मल" लागलं असतं. आणि आपल्याकडे तर दुपारचं जेवणच सगळ्यात मोठं, शीत-कडी, तळलेला मासा, वर सोलकढी आणि मग दुपारची झोप. म्हणजे गोळीचा जोर ज्या वेळी सगळ्यात जास्त नेमका त्याच वेळी ताटात सगळ्यात जास्त भात आणि त्यानंतर शरीर एकदम स्वस्थ. शाळा सुटून बाई घरी येऊन दीडला जेवायच्या आणि अडीचला आडव्या व्हायच्या, स्टेरॉइडने भूक वाढलेली त्यामुळे भातही आधीपेक्षा जास्त.

स्टेरॉइड शरीरात नेमकं काय करतं तर लिव्हरला जास्त साखर बनवायला लावतं, स्नायू इन्सुलिनचं ऐकेनासे होतात, स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटणंही मंदावतं, चरबी पोटाकडे आणि मानेमागे जमते, स्नायू आणि हाडं झिजतात. याच्या मुळाशी असलेल्या रस्त्यांपैकी एक एएमपीके नावाच्या एन्झाइमचा, पेशीत इंधन किती आहे यावर ते लक्ष ठेवतं. स्टेरॉइड पोटाच्या चरबीत त्याचं काम बिघडवतं आणि मेटफॉर्मिन त्याला पुन्हा चालना देतं, म्हणून काही संशोधकांच्या डोक्यात आलं की डायबिटीस व्हायची वाट न बघता आधीच मेटफॉर्मिन दिलं तर?

यावर दोन अभ्यास मी बाईंना आणि त्यांच्या मुलीला समोर बसवून समजावले. पहिला स्वित्झर्लंडमधला, 2017 सालचा, चार आठवड्यांचा, लहानसाच. त्यात स्टेरॉइडसोबत मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची ग्लुकोज पचवायची ताकद टिकली आणि डमी गोळी घेणाऱ्यांची बिघडली. दुसरा लंडनचा, 2020 मध्ये 'लॅन्सेट डायबिटीस अँड एन्डोक्रिनॉलॉजी' या वैद्यकीय मासिकात आलेला. त्यात डायबिटीस नसलेले, सांधे, फुफ्फुसं वगैरेच्या दाहाच्या आजारांसाठी दिवसाला 20 मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन घेणारे 53 लोक होते, 26 जणांना मेटफॉर्मिन आणि 27 जणांना डमी गोळी, बारा आठवडे.

मुलीने लगेच विचारलं की त्यात काय निघालं. तर मी आधी वाईट बातमी सांगितली कारण ती लपवून काही सांगणं मला मान्य नाही. ज्या मुख्य गोष्टीसाठी तो अभ्यास आखला होता, पोटाच्या आतली चरबी आणि कातडीखालची चरबी यांचं प्रमाण, त्यात काहीच फरक पडला नाही. मुख्य प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आलं. पण बाकी मोजलेल्या गोष्टींमध्ये शुगर, कोलेस्टेरॉल, लिव्हर, हाडांची झीज दाखवणाऱ्या टेस्ट, सगळं मेटफॉर्मिनच्या गटात बरं निघालं, आणि मला ज्याने थांबून विचार करायला लावलं ते म्हणजे इन्फेक्शन. मध्यम ते गंभीर इन्फेक्शनच्या घटना मेटफॉर्मिनकडे 2 आणि डमीकडे 11. न्यूमोनिया एक विरुद्ध सात. त्रासामुळे हॉस्पिटलमध्ये भरती व्हायची वेळ एक विरुद्ध नऊ. उलट जुलाब मात्र मेटफॉर्मिनकडे जास्त, 18 विरुद्ध 8.

एवढ्या कमी माणसांवरून आणि मुख्य उत्तर नकारार्थी आलेल्या अभ्यासातून हे सिद्ध झालं असं कुणी म्हणू नये, मीही म्हटलं नाही. पण पेम्फिगसचे पेशंट आज दगावतात ते फोडांपेक्षा जास्त इन्फेक्शनमुळे. 2021 च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेत आपण सगळ्यांनी बघितलंय की स्टेरॉइड आणि चढलेली शुगर एकत्र आली की काय होतं, तो काळ्या बुरशीचा काळ ज्याने वॉर्डात काढलाय तो दुपारची 191 शुगर "ठीक आहे, बघू पुढे" म्हणून सोडू शकत नाही.

मेटफॉर्मिनच्या लेबलवर हा वापर लिहिलेला नाही, हेही बाईंना स्पष्ट सांगितलं. शिकवणारी बाई असल्यामुळे त्यांनी वहीच काढली आणि एका बाजूला "का घ्यायची", दुसऱ्या बाजूला "का नको" असं लिहायला लागल्या. "का नको" मध्ये पहिलंच वाक्य त्यांनी लिहिलं, गोळ्या आधीच फार झाल्यात. हे खरंच होतं, सकाळी सात गोळ्या होत्या. दुसरं कारण पोट बिघडण्याचं. तोंडात जखमा असलेल्या बाईला आधीच जेवण जात नाही, त्यात मळमळ आली तर? हा मुद्दा मला अभ्यासातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा वजनदार वाटला, म्हणून ठरवलं की तोंडाच्या जखमा जराशा भरू देत, चार-पाच दिवस थांबू, तोपर्यंत दुपारचा भात कमी आणि दुपारची शुगर रोज बघू. जखमा पटकन भरायला लागल्या, स्टेरॉइड हे काम खरंच सुंदर करतं, पण दुपारची शुगर 180 ते 195 मध्ये अडकून बसली. आठवडा संपता संपता बाई स्वतःच म्हणाल्या, "द्या ती गोळी, पण मी केव्हा थांबवायची तेही आजच लिहून द्या."

दुसरं कुठलं औषध का नाही असंही कुणी विचारेल. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा असर दिवसभर राहतो आणि स्टेरॉइडचा जोर रात्री ओसरतो, त्यामुळे पहाटे शुगर खाली जायची भीती, आणि बाईंची उपाशीपोटीची शुगर तर आधीच नॉर्मल. ग्लिप्टिन गटाच्या गोळ्यांचा बुलस पेम्फिगॉइड नावाच्या दुसऱ्या फोडांच्या आजाराशी संबंध दिसलेला आहे, बाईंचा आजार तो नव्हे, तरी फोड येणाऱ्या पेशंटला ती देऊन उद्या नवा फोड आला की तो कशाचा हे कोण सांगणार, म्हणून त्वचेच्या डॉक्टरांनी नको म्हटलं. लघवीतून साखर काढणाऱ्या गोळ्यांनी खालच्या भागात फंगल इन्फेक्शन होऊ शकतं, इम्युनिटी दाबलेल्या बाईला ते कशाला. आणि इन्सुलिन राखून ठेवलं होतं, दुपारची शुगर सलग 200 च्या वर राहिली तर सकाळी एनपीएच इन्सुलिन, कारण त्याचा चढ-उतार सकाळच्या प्रेडनिसोलोनशी बऱ्यापैकी जुळतो. हे आधीच फाईलवर लिहून ठेवलं.

किडनी बघितली, क्रिएटिनिन 0.8, लिव्हर ठीक, बी१२ ठीक (रोज मासे खाणाऱ्यांना सहसा असतं, तरी मेटफॉर्मिन लांबणार असेल तर बघावं). दारूचा प्रश्न इथे नव्हता पण तो मी प्रत्येकाला विचारतो, संकोच न करता विचारावा, रोज भरपूर फेणी घेणाऱ्याला किंवा किडनी बिघडलेल्याला हे औषध असं सहज देता येत नाही, रक्तात लॅक्टिक ॲसिड साठायचा धोका असतो.

साधी 500 ची गोळी रात्रीच्या जेवणासोबत सुरू केली आणि तिसऱ्या दिवसापासून पोटात गुरगुर, पातळ संडास. एसआर म्हणजे हळूहळू सुटणारी गोळी केली, ती जेवणाच्या मध्येच घ्यायची असं सांगितलं, डोस वाढवायला दर वेळी आठवडाभर थांबलो. लंडनच्या अभ्यासात 850 ची गोळी दिवसातून तीनदा इतपत नेली होती, आपण 1500 वर थांबलो, दुपारी 500 आणि रात्री 1000, त्याच्या वर बाईंचं पोट तयार नव्हतं आणि ओढूनताणून आकडा गाठण्यात अर्थ नव्हता.

जेवणाचं मी "भात बंद" असं काही सांगितलं नाही, गोव्यात ते कुणी पाळत नाही आणि पाळायची गरजही नाही. दुपारी उकड्या तांदळाचा भात एक वाटी, आधी भाजी आणि मासा, मग भात. उरलेली भूक संध्याकाळी नव्हे, सकाळी भागवायची, कारण सकाळच्या नाश्त्याला स्टेरॉइडचा जोर अजून यायचा असतो. पोदेराच्या (पाववाल्याच्या) पोळीबद्दल इथे समज आहे की ती कोंड्याची म्हणून कितीही चालते, तसं नाही, ती मैद्याच्या पावापेक्षा बरी पण दोन खाल्ल्या तर दोनच मोजायच्या. आणि जेवल्यावर आडवं व्हायच्या आधी अंगणात, पाऊस असेल तर पडवीत, वीस मिनिटं चालायचं. हे चालणं बाईंनी इतकं मनावर घेतलं की माझ्या मते दुपारच्या शुगरवर त्याचा वाटा मेटफॉर्मिनइतका असू शकेल, वेगळं काढून सांगायचा मार्ग मात्र नाही.

चौथ्या आठवड्यापासून दुपारचे आकडे 140 ते 160 मध्ये यायला लागले. जूनमध्ये रिटुक्सिमॅबचे दोन डोस पंधरा दिवसांच्या अंतराने झाले. रिॲक्शन येऊ नये म्हणून त्याच्या आधी शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन 100 मिलिग्रॅम देतात, तर त्या संध्याकाळी शुगर 247. मुलगी घाबरून फोनवर रडायलाच लागली. आधी सांगून ठेवलं होतं तरी आकडा समोर आला की माणूस हलतोच. पाणी पिऊ देत, दर तीन-चार तासांनी तपासा, 300 च्या वर गेली तर मला कळवा असं सांगितलं, दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत खाली आली.

आता जुलैतला प्रसंग, आणि घरात स्टेरॉइड आणि मेटफॉर्मिन दोन्ही असेल तर हा परिच्छेद कृपया दोनदा वाचा. धो धो पाऊस, बाहेरचं काहीतरी खाण्यात आलं आणि बाईंना रात्रीपासून उलट्या-जुलाब. अशा वेळी दोन गोळ्यांचे नियम बरोबर उलटे आहेत. शरीरातलं पाणी कमी होत असताना मेटफॉर्मिन थांबवायचं, कारण किडनीवर ताण येतो आणि लॅक्टिक ॲसिडचा धोका वाढतो. प्रेडनिसोलोन मात्र कधीच अचानक थांबवायचं नाही. दीड-दोन महिने बाहेरून स्टेरॉइड घेतल्यावर शरीराची कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड) बनवणारी ग्रंथी झोपलेली असते, आजारात ज्या वेळी शरीराला ते जास्त लागतं त्याच वेळी गोळी बंद पडली किंवा उलटीतून बाहेर गेली तर बीपी पडून माणूस जिवाला मुकू शकतो. घरोघरी मी नेमकं उलटं बघतो, पोट बिघडलं की "सगळ्या गोळ्या बंद, पोटाला आराम" असं कुणीतरी मोठं माणूस सांगतं. बाईंच्या फ्रिजवर कागद चिकटवला होता, त्यावर त्यांच्याच सुवाच्य अक्षरात: उलटी-जुलाब-ताप असेल तर मेटफॉर्मिन बंद, स्टेरॉइड चालू, गोळी टिकत नसेल तर इंजेक्शनसाठी हॉस्पिटल. मुलीने पहाटे तो कागद वाचला आणि थेट कॅज्युअल्टीत नेलं, फाईल पुढे केली, सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं. दोन दिवसांनी खाणंपिणं सुरळीत झाल्यावर आणि क्रिएटिनिन बघूनच मेटफॉर्मिन परत सुरू केलं. असाच नियम शिरेतून डाय देऊन करायच्या सीटी स्कॅनच्या वेळीही विचारून घ्यावा.

बारा आठवड्यांनी हिशेब मांडला तो असा. एचबीए१सी 6.1, म्हणजे 5.9 वरून जरासंच वर. वजन 60, दोन किलो वाढलं. एवढ्या दिवसांत भरती व्हावं लागेल असं इन्फेक्शन ते जुलैचं एकच, त्यातूनही दुसऱ्या दिवशी घरी. पण चेहरा गोल झालाच, तो मेटफॉर्मिनने थांबला नाही, आणि बाईंना सगळ्यात जास्त दुखलं ते हेच. शाळेतली मुलं विचारायची बाई तुम्ही अशा का दिसता. रात्रीची झोप उडणं, चिडचिड, मांड्यांतली ताकद कमी होऊन जमिनीवरून उठताना त्रास, यातलंही काही मेटफॉर्मिनच्या आवाक्यातलं नव्हतं. हे आधी सांगितलेलं असलं की पेशंटचा विश्वास टिकतो, "ही गोळी घेतली की स्टेरॉइडचे साइड इफेक्ट होत नाहीत" असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

चवथीला गणपतीच्या वर फळं-पानांची माटोळी बांधायला हात वर गेले याचाच बाईंना आनंद. नेवऱ्या (करंज्या) दोन खाल्ल्या, दुपारी 212 निघाली, मला फोटो पाठवून विचारलं आता इन्सुलिन का? नाही, एका दिवसाच्या नेवऱ्यांवर इन्सुलिन नाही, "सलग" हा शब्द आपण त्यासाठीच लिहिला होता.

या एका प्रकरणातून मेटफॉर्मिनमुळेच सगळं झालं असं मी म्हणू शकत नाही. रिटुक्सिमॅबमुळे स्टेरॉइड भराभर उतरलं, 40 वरून सप्टेंबरात 12.5, त्यामुळे शुगर तशीही उतरणारच होती, वर भात आणि चालणं. मेटफॉर्मिन नसतं तर काय झालं असतं ते बाईंच्या बाबतीत कुणीच सांगू शकत नाही, त्यासाठी मोठे अभ्यासच लागतील, आणि ज्या राज्यात चारात एकाला डायबिटीस आहे तिथे ते व्हावेत असं मला फार मनापासून वाटतं, औषध इतकं स्वस्त आणि इतकं जुनं आहे की त्यासाठी थांबायचं कारण नाही. तोवर मी हे सरसकट सगळ्यांना देत नाही. आठ-दहा दिवसांच्या दम्याच्या कोर्सला तर नाहीच. महिनोन्‌महिने मोठा डोस, प्रीडायबिटीस किंवा घरात डायबिटीस, दुपारची शुगर चढतेय, किडनी चांगली, आणि समोरच्या माणसाला सगळं समजलंय, असं जुळलं तरच.

नोव्हेंबरात प्रेडनिसोलोन 5 वर आलं, तोंडात एकही फोड नाही, दुपारची शुगर 130 च्या आसपास. बाईंनी पहिल्या दिवशी माझ्याकडून लिहून घेतलेला कागद पुढे ठेवला, "स्टेरॉइड 5 वर आलं आणि दुपारची शुगर महिनाभर 140 च्या खाली राहिली की थांबवायचा विचार". मी म्हटलं प्रीडायबिटीस तुमचा स्वतःचाही आहे, चालू ठेवलं तरी चालेल. त्या म्हणाल्या, "चालणं मी सोडणार नाही, गोळी सोडू दे." थांबवली. फेब्रुवारीत एचबीए१सी आणि दुपारच्या जेवणानंतरची शुगर, दोन्ही परत बघायची तारीख वहीत लिहून दिलीय.